जळक्या काठाची साडी

आधी शैलाताईंचं नाव लिहितो, बाकीचं मागाहून. संपादकांनी सुचवलं होतं की एखाद्या गाजलेल्या नटीच्या पोशाखापासून सुरुवात करा, वाचणाऱ्याला गोडी लागते. ते खरं असेल. पण त्या पोशाखांपर्यंत मला नेलं शैलाताईंनी, आणि एकदा माझ्याच सुईखाली त्यातल्या सगळ्यात मोलाच्या साडीचं कायमचं नुकसान व्हायची वेळ आली, तेव्हा मध्ये उभ्या राहिल्या त्याही शैलाताईच. त्यांना डावलून नटीपासून सुरुवात केली तर मला झोप लागायची नाही. तशीही कमीच लागते. स्वभाव काळजीखोर आहे, तो आता या वयात जायचा नाही.

मी आजरा तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. मामा पलटणीतून निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पातच राहिला होता. तिथल्या बाजारात त्याचं गणवेश शिवायचं दुकान होतं. आईनं मला त्याच्याकडे धाडलं. गावाहून नाशिक म्हणजे तेव्हा एस.टी.नं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतचा प्रवास, वर दोन गाड्या बदलायच्या. मी 'व्हय' म्हटलं की दुकानातली पोरं हसायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं. हात मात्र चालत होते. पँटीची धार सुरीसारखी काढायला शिकलो, आणि पुढे रफू शिकलो.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ज्या कापडाला भोक पडलंय त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि ते भोकावर उभे-आडवे विणत जायचं. साहेब लोकांचे लोकरी कोट यायचे, सिगारेटनं जळलेले, उंदरानं खाल्लेले. परत जाताना कोटाचा मालक जागा शोधत राहायचा आणि मामा मिशीत हसायचा. माझ्या आयुष्यात अभिमान धरावा अशी तेवढीच एक गोष्ट होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला शैलाताई दुकानात आल्या. वडिलांचा जुना लष्करी कोट त्यांनी काउंटरवर पसरला आणि खांद्याजवळची एक जाड, ओबडधोबड शिवण दाखवली.

"ही काढून हवीय."

"काढून नीट शिवायची ना, बाई?" मामा म्हणाला.

"नाही. नुसती काढायची. खालच्या कापडाला इजा न होता."

मामानं माझ्याकडे बघितलं. "मारुती, ऐकलंस का? दुनिया शिवायला येते, ह्या उसवायला आल्यात."

मी काढून दिली. त्यांनी पर्समधून भिंग काढून ती जागा बघितली, बराच वेळ बघितली. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही हे असलं काम रोज कराल का?" मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत म्हणून. मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं.

गोदावरीच्या अलीकडे, जुन्या नाशकात, एका जुन्या थिएटरच्या मागच्या अंगाला दोन मजले होते. थिएटरचे मालक दादासाहेब. त्यांच्या वडिलांना चित्रपटातले पोशाख जमवायचा नाद होता. स्टुडिओ बंद पडले, कंपन्या मोडल्या, की हे तिथे जाऊन पेट्यांच्या पेट्या उचलून आणायचे. वडील गेल्यावर दादासाहेबांनी त्या मजल्यांवर संग्रहालय काढायचं ठरवलं आणि शैलाताईंना बोलावलं. ताई गृहविज्ञान शिकवायच्या, आणि जुनं कापड कसं सांभाळायचं ते मुंबईला जाऊन शिकून आल्या होत्या. मी त्यांचा मदतनीस.

पहिल्या दिवशी मी घरून इस्त्री घेऊन गेलो. दुसऱ्या पिशवीत खळ. ताईंनी दोन्ही पिशव्या उघडून बघितल्या आणि न हसता कपाटाच्या वर ठेवून दिल्या. "इथे पाणी नाही, इस्त्री नाही," त्या म्हणाल्या. "आणि घाई तर अजिबात नाही."

बाहेरच्या माणसाला या कामातलं सांगतो. चित्रपटातला कपडा घरच्या कपड्यासारखा नसतो. तो कॅमेऱ्यासाठी शिवलेला असतो. पुढून राजा, मागून टाचण्या. एका महाराणीच्या शालूचा जरीकाठ आम्ही पेटीतून काढला तेव्हा कळलं, जर नाहीच, पितळेची पूड डिंकात कालवून ब्रशनं ओढलेली आहे. पण ती अशी ओढलेली की पडद्यावर तुम्ही-आम्ही डोळे दिपवून बसलो होतो. एका मुकुटाला आतून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा निघाला. सुरुवातीला मला हे फसवणुकीसारखं वाटायचं. मग हळूहळू असल्या शिंप्यांबद्दल मनात आदर बसत गेला. चार दिवसांत दरबार उभा करायचा, हातात पैसा नाही, नटीला ताप, पाऊस कोसळतोय, आणि तरी बाहीची चुणी अशी घातलेली की आज इतक्या वर्षांनी सुटलेली नाही. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नसतात. मी त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणायचो.

आमचं काम म्हणजे या कपड्यांना जसे आहेत तसे ठेवणं. कसर लागू द्यायची नाही, उजेड कमी ठेवायचा, कारण उजेड रंग खातो. लोक तक्रार करायचे, "अहो, दिवा लावा की, काही दिसत नाही." कपडा कायम टांगून ठेवला की स्वतःच्याच वजनानं फाटतो, म्हणून अधूनमधून त्याला उतरवून धुतलेल्या सुती मांजरपाटावर आडवा निजवायचा. ताई त्याला 'विश्रांती' म्हणायच्या. दादासाहेब गमतीनं विचारायचे, "आज कोण रजेवर?"

गाजलेल्या तमाशापटातली एक नऊवारी आमच्याकडे होती. ती पुतळ्यावर नेसवायची म्हटल्यावर आम्ही दोघं अडकलो. शिंप्याचा पुतळा कमरेखाली एका दांड्यावर उभा असतो. त्याला पायच नाहीत, मग कासोटा घालणार कुठून? ताईंनी तीन-चार तऱ्हा करून बघितल्या. प्रत्येक वेळी ती जरीची नऊवारी लुंगीसारखी दिसायची. शेवटी सुताराला बोलावलं. ताईंनी त्याला सांगितलं, "बाईला पाय हवेत." सुतारानं विचारलं, "चालणारे का नुसते उभे?" त्यानं सागाचे दोन पाय करून दिले, एक गुडघ्यात किंचित वाकलेला. ती नऊवारी त्यावर अशी बसली की रविवारी येणारी मंडळी तिच्यासमोर टाळ्या वाजवायची.

गिऱ्हाईक म्हणू नये, पण मला तोच शब्द सुचतो. तर आमच्या गिऱ्हाइकांत एक सुभेदारसाहेब होते, कॅम्पातले, निवृत्त. एका युद्धपटातल्या नायकाचा गणवेश काचेत होता. साहेब आले, छातीवरची पदकं बारकाईनं बघितली आणि मला म्हणाले, "क्रम चुकलाय. हे पदक ह्याच्या आधी येत नाही."

मी घाबरून म्हणालो, "साहेब, चित्रपटात असंच होतं. आम्हाला बदलता येत नाही."

"मग चूकच सांभाळताय की तुम्ही."

"होय साहेब."

ते एक पाऊल मागे सरले. पुतळ्याला डोकं नव्हतं, तरी त्याच्या डोक्याच्या उंचीला बघत म्हणाले, "उभा मात्र बरोबर राहिलाय." आणि सलाम करून गेले. पुढे दर पंधरवड्याला यायचे, चूक तशीच आहे ना एवढं बघून जायचे.

सगळंच वाचलं असं नाही. एका राक्षसाचा फोमचा पोशाख होता. तो आमच्या डोळ्यांदेखत चिकट होत गेला, मग भुगा झाला. फोमला आतूनच मरण लागलेलं असतं, ताई म्हणाल्या. आम्ही काही करू शकलो नाही. त्या राक्षसाला बघून लहानपणी मी जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूतून पळून गेलो होतो. त्याला असा संपताना बघून वाईट वाटलं.

आता त्या साडीकडे येतो.

आमच्या संग्रहातली सगळ्यात मोठी वस्तू आमची नव्हतीच. एका पौराणिक चित्रपटात सीतेचं काम केलेल्या अभिनेत्रीनं ती आम्हाला एका वर्षासाठी दिली होती. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. अग्निपरीक्षेच्या प्रसंगात नेसलेली फिकट केशरी रेशमी साडी. वर्ष संपलं की बाई येणार, बघणार, आणि मग ठरवणार की साडी नाशकात कायमची ठेवायची का परत न्यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती: संग्रहालयात जी गर्दी होत होती ती त्या साडीसाठी. ती गेली तर दादासाहेब वरचा मजला बंद करणार, आणि वरचा मजला म्हणजे मी. मामानं दुकान तोवर विकलं होतं. मला परत जायला जागा उरली नव्हती.

गर्दी तरी कशी. पूल ओलांडला की पंचवटी. सीतामाईची गुंफा तिथे, काळाराम तिथे. सीतेची साडी या काठावर आलीय म्हटल्यावर बायका देवदर्शन करून थेट आमच्याकडे यायच्या. जिन्याखाली चपला काढायच्या. आम्ही सांगायचो, हे मंदिर नाही. त्या म्हणायच्या, बरं. आणि हात जोडायच्या. काचेला बोटानं कुंकू लावायच्या, काचेला कपाळ टेकायच्या. रोज दुपारी मी ती काच पुसायचो, आणि खरं सांगतो, पुसताना मनातल्या मनात माफी मागायचो.

एक म्हातारी यायची, भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी. पार्वतीबाई. पहिल्यांदा आली तेव्हा हात जोडले, मग काचेला नाक लावून खाली वाकून बघत राहिली.

"का रं, हे काय हाय? हे भोकं?"

साडीच्या खालच्या काठाला डाव्या पायाशी काही भोकं होती. जोंधळ्याएवढी बरीच, आणि एक चांगलं रुपयाएवढं. कडा काळ्या, कुरकुरीत. जळलेलं रेशीम तसंच दिसतं.

"जळलेलं आहे, आजी."

"सीतामाईचं लुगडं जळलं? नाय रं बाबा. तिला अग्नीनं काय बी केलं नाय. सगळ्या दुनियेला ठावं हाय."

"आजी, ही चित्रपटातली साडी आहे."

"मंग शिवून का ठेवत नाय? लय वाईट दिसतं. तुला येत नसंल तर मी देते शिवून." आणि तिनं कमरेच्या पिशवीतून खरोखर सुई-दोरा काढला. पुढे ती दर आठवड्याला यायची आणि मला टोचून जायची: "काय रं शिंप्या, आला का धागा?"

तिचं एकटीचं नव्हतं. दहा बायकांतल्या सहा-सात तेच बोलायच्या. अपशकुनी दिसतं, ती भोकं मागच्या बाजूला तरी करा. मी एकदा ताईंना विचारलं, "काठ मागच्या अंगाला फिरवला तर?"

ताई म्हणाल्या, "ही भोकं कशी पडली, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. त्या चित्रपटाच्या जाहिरातीत छापलेलं होतं की आगीचा प्रसंग म्हणजे कॅमेऱ्याची करामत, नटी आगीजवळ गेलीच नाही. मग साडी कशानं जळली? कळेपर्यंत आपण ते लपवायचं नाही." आणि काठ पुढेच राहिला.

त्यांचं पटत होतं. पण माझे हात शिवशिवत होते, हेही खरं. अशी सुबक भोकं, असं जुनं घट्ट रेशीम. ज्याला रफू येतं त्याला भोक बघवत नाही. गवयापुढे कुणी सूर अर्धवट सोडावा तसं होतं.

वर्ष संपत आलं. बाई येणार म्हणून निरोप आला. ताई त्या आठवड्यात पुण्याला बहिणीकडे होत्या, तिचं ऑपरेशन होतं. एका सकाळी दादासाहेब वर आले, साडीपुढे उभे राहिले. माणूस भला होता, कधी आवाज चढवून बोललेला मी ऐकला नाही.

"मारुती, रफू तुझ्यासारखं नाशकात कुणाला येत नाही म्हणतात."

"नाही, असं काही…"

"बाई येतायत. त्यांची वस्तू त्यांनी आपल्याकडे दिली, आणि आपण त्यांना फाटकी दाखवायची? घरी पाहुणी आली तर आपण फाटकी चादर घालतो का? त्यांना वाटेल, वर्षभर ठेवून घेतली आणि एक टाकासुद्धा घातला नाही. करून टाक. त्यांना किती आनंद होईल बघ."

मी "होय दादासाहेब" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्यांच्या छपराखाली मी होतो. आणि त्यांचं बोलणं चुकीचं वाटतही नव्हतं. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती.

साडी उतरवली. मांजरपाटावर पसरली. रफूला धागा त्याच साडीचा लागतो, तो आतल्या दुमडीतून ओढायचा. दुमड उलटी केली, सुईनं एका धाग्याचं टोक मोकळं केलं. आता ओढला की परत घालता येत नाही. तिथेच माझा हात थांबला. धीर होता म्हणून नव्हे. भीती दोन्हीकडून होती. केलं नाही तर दादासाहेब, केलं तर ताई. मी साडीवर कापड झाकलं, खाली थिएटरशेजारच्या एस.टी.डी. बूथवर गेलो आणि पुण्याला फोन लावला.

"ताई, दादासाहेब म्हणतात रफू करा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"होय म्हणालो."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "बरं. होय म्हणालात ते ठीक आहे, तुम्हाला दुसरं म्हणता येत नव्हतं. धागा ओढलात का?"

"टोक मोकळं केलंय."

"तसंच राहू द्या. मी येते." बहीण नुकती घरी आली होती. तिला शेजारणीच्या स्वाधीन करून ताई मिळेल त्या गाडीनं निघाल्या आणि चार-साडेचारला जिन्यात हजर.

दादासाहेब वर आले तेव्हा टेबलावर साडी, एका बाजूला मी, एका बाजूला ताई. मी खाली बघत होतो.

ताई म्हणाल्या, "दादासाहेब, मारुती कामाला बसले होते, मी त्यांना थांबवलं. जाताना मीच सांगून गेले होते की काठाला हात लावायचा नाही. त्यामुळे बोलायचं ते मला बोला."

हे खरं नव्हतं. असं काही त्या सांगून गेल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

"शैलाताई, बाई नाराज झाल्या तर साडी जाईल. मजला चालवायचा कशावर?"

"नाराज झाल्या तर मी सांगेन, हा हट्ट माझा. साडी गेली तर मीही जाईन. मारुतींना मात्र ठेवा, त्यांच्यासारखा माणूस तुम्हाला मिळायचा नाही."

दादासाहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आणि बाईंना आवडलं तर?"

"तर चहा पाजा सगळ्यांना."

ते हसले, पण मनातून नाही. मी ते मोकळं केलेलं टोक परत जागेवर बसवलं. एरवी क्षणाचं काम, त्याला पाऊण तास लागला. ताई शेजारी बसून बहिणीच्या तब्येतीचं सांगत राहिल्या, माझ्या हातांकडे एकदाही बघितलं नाही.

बाई आल्या. मी पडद्यावर बघितलेली सीता आणि ही ठेंगणी, जाड चष्म्याची, काठी टेकत येणारी म्हातारी यांचा मेळ लागेना. बरोबर भाचा होता, बँकेत साहेब असावा असा. जिन्यावरच्या चपलांचा ढीग बघून बाई म्हणाल्या, "हे अजून आहेच का? मला वाटलं माझं वय झाल्यावर सुटेल." मग भाच्याकडे वळून, "तरुणपणी मला बाजारात अंडी घेता यायची नाहीत, ठाऊक आहे? दुकानदारच पाया पडायचा."

मी काच उघडत होतो. त्यांनी विचारलं, "तू कुठला रे?"

"आजऱ्याकडचा."

"आजऱ्याचा व्हय?" त्यांचा आवाजच बदलला. "मी कोल्हापूरची. घनसाळ तांदूळ अजून तसाच घमघमतो का रे?"

"व्हय बाई," मी म्हणालो. इतक्या वर्षांत नाशकात मोकळेपणानं म्हटलेला तो पहिला 'व्हय'.

मग त्या साडीपुढे आल्या आणि सरळ खाली बघू लागल्या. पदर नाही, रंग नाही, खालचा डावा काठ. वाकता येईना. "वर कर जरा." मी पांढरे हातमोजे घालून काठ दोन्ही तळव्यांवर घेतला आणि त्यांच्या डोळ्यांपाशी आणला. दादासाहेब माझ्या मागे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

बाईंनी एक बोट त्या रुपयाएवढ्या भोकाशी नेलं. लावलं नाही.

"बघ," त्या भाच्याला म्हणाल्या. "वर्षानुवर्षं सांगत्येय, तुम्ही सगळे हसता. आग खोटी होती म्हणता. बघ आता."

भाचा वाकला, चष्मा वर केला.

बाईच सांगू लागल्या, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो: माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये चर खणून त्यात रॉकेल पेटवलं होतं. वारा फिरला. जळती चिंधी पायाशी आली. शॉट चालू होता, रीळ महाग, मी उभी राहिले. चेहरा शांत ठेवायचा होता ना. घोट्याला फोड आले ते कपडेपटातल्या शिंप्यानं बघितले, त्यानंच खोबरेल लावलं. आणि नंतर कंपनीनं छापलं की सगळी कॅमेऱ्याची करामत. लोकांना भीती नको वाटायला म्हणून. मग मी सांगितलं तरी कोण ऐकणार? सीतेला कुठे भाजतं?

दादासाहेब पुढे झाले. प्रामाणिक माणूस, त्यांना राहवलं नाही. "बाई, आम्ही हे रफू करून घेणार होतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "केलं असतं तर ह्यानं चांगलं केलं असतं, हात दिसतायत. आणि मी साडी उचलून घरी गेले असते." काठी एकदा जमिनीवर टेकवली. "कुणी नको म्हटलं?"

मी शैलाताईंकडे बोट दाखवलं.

बाई ताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "राहू दे इथंच. माझ्या मागंही इथंच. फक्त पाटीवर लिही, आग खरी होती."

पाटी ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, तेवढ्याच शब्दांची, खाली त्या शिंप्याचं नाव. ते बाईंना पाठ होतं. आमच्या संग्रहातल्या पाटीवर आलेलं शिंप्याचं ते पहिलं नाव. चहा दादासाहेबांनी खरंच पाजला, थिएटरच्या डोअरकीपरपर्यंत सगळ्यांना.

पार्वतीबाई पुढच्या आठवड्यात आली. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं आणि सगळी हकीकत सांगितली. ती पुन्हा काचेला नाक लावून काठाशी वाकली.

"म्हंजी त्या पोरीचा पाय भाजला व्हता?"

"होय आजी."

"आन् तशीच उभी ऱ्हायली?"

"होय."

सुई-दोरा तिनं पुन्हा काढला नाही. हात जोडायची ते जोडायचीच, पण नंतर मला आठवणीनं विचारायची, "बरी हाय का रं ती? पाय दुखतो का तिचा?" मी बाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. म्हणाल्या, सीतेची विचारपूस सगळे करतात, माझ्या पायाची करणारी ही पहिली.

दोन हजारनंतर काही वर्षांनी थिएटर गेलं आणि त्याबरोबर मजलेही. बाई तोवर हयात होत्या. त्यांच्या संमतीनं साडी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात गेली, आणि तिच्याबरोबर पेट्या उतरवायला गेलेला मी तिथेच नोकरीला लागलो, शैलाताईंच्या शिफारशीवर. निवृत्तही तिथूनच झालो. तिथल्या काचा मोठ्या आहेत, थंड हवा आहे, सगळं नीट आहे. काठ पुढेच ठेवलाय. पुन्हा नाशकात घर केलं ते मात्र नोकरी संपल्यावर.

शैलाताई आता ऐंशीच्या पुढे आहेत. गंगापूर रोडला मुलाकडे असतात. गेल्या वर्षी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक गाठोडं काढलं. त्यांच्या आईचा लग्नातला शालू. घडीघडीवर मोडलेला, पदराला हात लावला की धागा सुटतो. मला बघवेना. आयुष्यभर नटनट्यांच्या कपड्यांना मांजरपाटावर निजवणाऱ्या बाईनं आईचा शालू तसाच पिशवीत ठेवला होता.

"वेळच झाला नाही, मारुती," त्या म्हणाल्या. "आता नात म्हणते, लग्नात मी हाच नेसणार. तिला सांगितलं, नेसण्यासारखा राहिला नाही."

मी म्हणालो, "माझ्याकडे द्या."

"डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय ना तुमचं? घाई नाही." घाई त्यांना कधीच नव्हती.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. शालू मी घेऊन आलोय, पेटीत आडवा निजवलाय, दुमडीत धागा भरपूर आहे ते बघून ठेवलंय. हा काचेत राहायचा नाही, एका मुलीच्या अंगावर जायचा आहे, म्हणून इथे एकही भोक मी सोडणार नाही. शैलाताई, तुमच्या नातीच्या लग्नाच्या आत तो तुमच्या हातात देईन.